गाठीखालची गाठ

अक्का पहिल्यांदा आल्या तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सोलापुरात पारा ४३ च्या पुढे, ओपीडीतला कूलर गरम वारा फेकतोय, आणि बाहेर बाकावर घामोळ्या, नायटे, उष्णतेचे फोड यांची रांग. अशा दिवशी एका रुग्णाला सात-आठ मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. केसपेपरवर ज्युनिअर डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं : स्त्री, वय ६२, उजव्या कुशीवर न भरणारी जखम, ८ महिने. मधुमेह, गोळ्या चालू.

पद्मशाली कुटुंब. घरात तेलुगू, दारात सोलापुरी मराठी. लग्न होऊन आल्यापासून विड्या वळतात. त्यांना गल्लीत सगळेच अक्का म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणायला लागलो. (ओळख पटेल असे इतर तपशील बदलले आहेत.)

सोबत सून होती. जखम तिनंच पकडली. अक्कांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. धुणं धुताना परकराच्या पट्ट्यावर पिवळे-तांबडे डाग दिसायला लागले, वास यायला लागला, तेव्हा सुनेनं हट्ट धरला.

अक्का खोलीत आल्या, टेबलावर कुशीवर झोपल्या आणि पदर, साडी, परकर असं सगळं मिळून चार बोटं खाली सरकवलं. तेवढ्याच चौकटीत मला जखम दिसली. साधारण ३ सेंटिमीटरची, वर पिवळी पपडी, कडा जाडसर. मी टॉर्च मारला, कड दाबून पाहिली. कंबर पाहिली नाही. म्हातारं माणूस, बाहेर रांग, पुरुष डॉक्टर. त्या संकोचल्या आणि मीही संकोचलो. पण माझा संकोच हा सबब म्हणून चालणार नाही.

आधीची हकिकत अशी. खाज बारा वर्षांची. अक्का तिला नायटाच म्हणत. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब यायची, संपली की दुसरी. आपल्याकडे या ट्यूबनं काय घोळ घातलाय ते आम्हा त्वचेच्या डॉक्टरांना विचारा. एकाच नळीत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि वर क्लोबेटासोलसारखं जबर स्टेरॉइड. लावल्यावर दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून माणसाला वाटतं औषध लागू पडलं. स्टेरॉइड फक्त दाह दाबतं. नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो, आणि नसेल तर वर्षानुवर्षं लावून कातडी कागदासारखी पातळ होते. पातळ कातडीवर रोजचं घासणं आलं की ती चिरते. अक्कांचंही तसंच झालं. चीर पडली, भरली, पुन्हा पडली. मग एकदा पडली ती भरलीच नाही. हळद-तेल झालं, कडुलिंबाचा पाला झाला. एका दवाखान्यात ‘साखरेमुळे भरत नाही’ असं सांगून सहा महिने ड्रेसिंग झालं. सांगणाऱ्याचं सगळंच चुकलं असं नाही; साखर खरंच वाढलेली होती. पण मधुमेहाचं नाव एकदा कागदावर आलं की प्रत्येक जखमेचं कारण आयतं मिळतं आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

कुशीवरची, आठ महिने न भरणारी, खरखरीत कडांची जखम म्हटल्यावर माझ्या डोक्यात चार-पाच नावं आली. पहिलं त्वचेचा क्षय. आपल्याकडे तो अजून भेटतो, आणि त्याचा मशासारखा खरखरीत प्रकार अगदी असाच दिसू शकतो. दुसरं खोलवर गेलेली बुरशी : काटा, लाकडाची सल यांतून ती आत शिरते आणि कोबीच्या गड्ड्यासारखी वर येते. तिसरं, मधुमेहात चिघळलेलं साधं इन्फेक्शन. चौथं कर्करोग. तपासणीच्या फॉर्मवर मी याच क्रमानं लिहिलं. चौथ्या क्रमांकावर लिहिलेल्या गोष्टीसाठी माणूस जेवढा खोल जातो, तेवढाच मी गेलो. ४ मिलिमीटरचा पंच घेतला, म्हणजे पेनाच्या टोपणासारखी छोटी गोल पाती फिरवून काढलेला तुकडा, तोही जखमेच्या साधारण मध्यातून.

रिपोर्ट आला : पृष्ठभागावर मृत पेशी व पू, जुनाट दाह, वरच्या थराची कर्करोगासारखी भासणारी पण साधी वाढ. या तुकड्यात कर्करोग आढळला नाही. क्षयाच्या गाठी नाहीत, बुरशी नाही.

मी सुनेला म्हणालो, ‘रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही. साखर आटोक्यात आणू, ड्रेसिंग करू, तीन आठवड्यांनी दाखवा.’ त्यातलं ‘कॅन्सर नाही’ एवढंच घरी पोचलं. बाकीचं वाक्य पोचलं नाही. पोचावं असं मी बोललोही नव्हतो. ‘या तुकड्यात नाही’ आणि ‘नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मी सांगायला हवं होतं. घरात पेढे वाटले म्हणे. अक्का थेट श्रावणात उगवल्या, साडेतीन महिन्यांनी.

जखम आता ५ बाय ४ सेंटिमीटर झाली होती. कडा बाहेर वळलेल्या, फुललेल्या. मधला भाग फुलकोबीसारखा वर आलेला. ड्रेसिंग काढताना रक्त आलं. बोटानं दाबलं तर तळ लाकडासारखा टणक. आणि तो वास. ज्यानं एकदा हुंगला तो विसरत नाही.

या वेळी मी बाहेर गेलो आणि सिस्टरना म्हणालो, पडदा ओढा आणि परकर पूर्ण सोडायला लावा, नाडीसकट. दहा मिनिटं लागली. अक्का कुरकुरल्या, सून समजावत राहिली. सिस्टरनं आतून हाक मारली, ‘सर, जरा बघा हे.’

कंबरेभोवती एक पट्टा होता. दोन बोटं रुंद, सलग, समोरून पाठीपर्यंत. कातडी काळी पडलेली, चामड्यासारखी जाड, तिच्यावरच्या रेघा ठसठशीत, मध्येमध्ये पांढरे ठिपके, काही ठिकाणी कोंडा. नायटा असा नसतो. नायट्याची कड गोल असते, ती सरकते, मध्यभाग मोकळा होतो. हा पट्टा एखाद्यानं पट्टी ठेवून आखावा तसा सरळ होता आणि त्याच्यावर बरोब्बर उजव्या कुशीला ती जखम. सिस्टरनं परकराची नाडी उचलून जागच्या जागी धरली. नाडी पट्ट्यावर बसली, आणि नाडीची गाठ जखमेवर.

मी म्हणालो, ‘अक्का, इथं गाठ आहे.’

‘हो की ओ,’ त्या म्हणाल्या, ‘चाळीस वर्षं झाली, तिथंच मारते मी.’

त्यांना मी नाडीच्या गाठीबद्दल बोलतोय असं वाटलं. मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, आणि त्या दिवशी त्या दोन्ही गोष्टी एकाच जागी होत्या.

विडी वळणारी बाई कशी बसते ते सोलापूरकरांना सांगायला नको. मांडी घालून, पाठ पुढे वाकवून, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून कापलेली पानं. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणून हजार झाल्याशिवाय उठायचं नाही. असं पुढे वाकून बसलं की पोटाची घडी नाडीवर पडते आणि नाडी कातडीत रुतते. उभं राहिल्यावर जेवढी घट्ट वाटते त्याच्या दुप्पट बसल्यावर. त्यात नाडी म्हणजे जेमतेम बोराच्या आकाराची गाठ असलेली दोरी. सगळा ताण तेवढ्याशा जागेवर. वर मे महिन्यातला घाम. अक्का साडीच्या निऱ्या सुटू नयेत म्हणून नाडी आणखी ओढून बांधायच्या. ‘सैल बांधली तर साडी बांधल्यासारखी वाटत नाही,’ असं त्यांचं म्हणणं. तंबाखूच्या धुळीचा यात काही हात आहे का, असं मुलानं विचारलं. त्या धुळीनं खाज वाढली असेल, पण तिला आरोपी करण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. नाडीविरुद्ध मात्र आहे.

हे माझं संशोधन नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. व. रा. खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासोबत १९४५ साली एक निबंध लिहिला. कमरेला धोतर घट्ट बांधणाऱ्यांच्या कातडीवर होणाऱ्या कर्करोगाला त्यांनी ‘धोतराचा कर्करोग’ म्हटलं. रूढी आणि कर्करोग यांचा संबंध शोधणारा तो आपल्याकडचा पाया घालणारा निबंध. काश्मिरात फिरन या घोळदार झग्याच्या आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, धरणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर होणारा कर्करोग तर १८६६ पासून लिहिला गेलाय. तिथं धग, इथं घर्षण. जुन्या व्रणात किंवा सतत दुखावल्या जाणाऱ्या कातडीत उगवणाऱ्या या सगळ्याला मार्जोलिनचा व्रण हे कुटुंबनाव आहे, जां-निकोलस मार्जोलिन या फ्रेंच शल्यवैद्यावरून. भाजल्याचा जुना डाग, हाडाच्या इन्फेक्शनमधून वर्षानुवर्षं वाहणारं छिद्र, कुष्ठरोग्याच्या तळपायाची जखम, सगळीकडे तो येऊ शकतो. कातडी फाटते, खालच्या थरातल्या पेशी भराभर वाढून ती भरतात, पुन्हा फाटते. दहा-वीस-तीस वर्षं हेच चालू राहिलं की या वाढीत केव्हा तरी एक पेशी थांबायचं विसरते.

२०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी अशा दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘साडीमुळे कॅन्सर’ असे मथळे दिले. मला ते आवडले नव्हते. त्या दोघींपैकी एक परकर घालणारी होती आणि दुसरी परकराशिवाय लुगडं नेसणारी. म्हणजे दोष वस्त्राचाही नाही आणि परकराचाही नाही. एकाच रेषेवर, एकाच जागी, रोज तितकंच करकचून बांधण्याचा आहे. पँटच्या पट्ट्यानं आणि सलवारीच्या नाडीनंही असाच काळा पट्टा उमटतो, तो मी आठवड्यातून एकदा तरी पाहतो. त्यातला कर्करोगापर्यंत जाणारा अगदीच विरळा.

दुसरी बायोप्सी मी कडेवरून घेतली. निरोगी कातडी, कड आणि जखम असं तिन्ही एका फाकेत येईल असं, खाली पिवळी चरबी दिसेपर्यंत. टाके घालावे लागले. पाच दिवसांनी उत्तर आलं : स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कर्करोग, पेशी बऱ्यापैकी मूळ रूप राखून असलेल्या. काचपट्टीवर गुलाबी रंगाचे, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकात एक गोल दिसत होते. त्यांना केरॅटिनचे मोती म्हणतात. ते त्वचेच्या खोल थरात उतरलेले होते.

पॅथॉलॉजिस्टकडे जाऊन मी एप्रिलची काचपट्टीही पुन्हा काढायला लावली. वाटत होतं, तिथं काही सुटलंय का. काही सुटलं नव्हतं. वर पपडी आणि खाली दोन मिलिमीटरही धड कातडी नाही. जुनाट जखमेच्या कडेला कातडी साधी जाड होते आणि बोटांसारखी खाली वाढते. कर्करोगाचा वरचा भागही तस्साच दिसतो. फरक तळाशी कळतो, आणि तळ मी दिलाच नव्हता. ते हसून म्हणाले, ‘तुम्ही भाकरीचा पापुद्रा पाठवलात आणि विचारलंत, आतून कच्ची आहे का.’

तेव्हापासून आमच्या फॉर्मवर मी जखम कुठली एवढंच लिहीत नाही. तुकडा जखमेच्या कुठल्या भागातला, किती खोल, आणि भोवतालची कातडी कशी आहे तेही लिहितो. आणि रिपोर्ट माझ्या शंकेशी जुळत नसेल तर बायोप्सी दुसऱ्यांदा, गरज पडली तर तिसऱ्यांदा घेतो. रुग्णाला दुसऱ्यांदा कापायचं म्हटलं की डॉक्टरला आपली अब्रू गेल्यासारखं वाटतं. त्यात अक्कांचे साडेतीन महिने गेले.

आता रोग कुठवर गेला ते पाहायचं होतं. कंबरेची कातडी या बाबतीत अडचणीची. बेंबीच्या पातळीच्या वरच्या कातडीतला लसीकेचा प्रवाह (कर्करोगाच्या पेशी याच वाटेनं गाठींत पोचतात) साधारणपणे काखेकडे जातो, खालचा जांघेकडे. कंबर नेमकी पाणलोटाच्या रेषेवर, पाणी कुठल्या ओढ्याला जाईल सांगता येत नाही. म्हणून दोन्ही काखा आणि दोन्ही जांघा हातानं आणि सोनोग्राफीनं तपासल्या. उजव्या जांघेत दीड सेंटिमीटरची हलणारी गाठ लागली. सुईनं पाणी काढून पाहिलं, फक्त दाहाच्या पेशी. जखमेत जंतू असले तरी जांघेत गाठ येतेच. सीटी स्कॅनमध्ये पोटाचे स्नायू मोकळे होते. म्हणजे ४ सेंटिमीटरहून मोठी, पण गाठींत न पसरलेली; कर्करोगाच्या टप्प्यांच्या भाषेत टी-३, एन-०.

मुलाला मुंबईला न्यायचं होतं. एका यंत्रमाग कारखान्यात काम, रोजावर. मुंबईत दोन महिने कोण राहणार, कुठं राहणार, याचा विचार झालेला नव्हता. आपल्याकडे कॅन्सर म्हटला की मुंबई, हे जणू ठरलेलंच आहे. मी त्याला बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाबद्दल सांगितलं. सत्तरेक किलोमीटरवर, आपल्याच जिल्ह्यात. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथंच सुरू झाली, हे आपल्या जिल्ह्यातल्या माणसालाही बहुधा माहीत नसतं. तिथं दाखवून आला, सल्ला तोच मिळाला, मग सोलापुरातच करायचं ठरलं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसवताना शिधापत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळेना. माहेरचं तेलुगू नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. चार दिवस त्यात गेले. शस्त्रक्रियेच्या तारखेपेक्षा त्या दुरुस्तीची तारीख मिळवायला जास्त खटपट करावी लागली.

शस्त्रक्रिया मी केलेली नाही, सर्जन आणि प्लास्टिक सर्जन यांनी मिळून केली. मी उभा होतो. उन्हामुळे चेहऱ्यावर येणाऱ्या छोट्या स्क्वेमस कर्करोगाला चार ते सहा मिलिमीटर निरोगी कातडी सोबत काढली तरी बहुतेकदा पुरतं. जुन्या व्रणातला हा प्रकार जास्त खोडकर, गाठींत पसरण्याची शक्यता जास्त, म्हणून इथं चहूबाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर आणि खाली स्नायूवरच्या पडद्यापर्यंत काढलं. तळहाताएवढा खड्डा झाला.

तो बुजवायचा कसा, यावर थोडा वाद झाला. मांडीची पातळ कातडी काढून चिकटवणं सोपं होतं. वेळ कमी, आणि अक्कांची साखर पाहता ते सुरक्षितही. पण ती कातडी म्हणजे स्नायूवर ताणलेला कागद. बरी होऊन अक्का घरी गेल्या की तिच्यावर पुन्हा नाडी येणार, आणि वर्षभरात ती तिथंच फाटणार. प्लास्टिक सर्जननी शेजारची कातडी तिच्या चरबीसकट आणि रक्तवाहिन्यांसकट फिरवून आणली. खाली गादी असलेली कातडी. एका कोपऱ्याला थोडी काळी पडली, तिथं पंधरा दिवस ड्रेसिंग करावं लागलं, बाकी जुळली.

अंतिम रिपोर्टमध्ये सगळ्या कडा मोकळ्या, सर्वांत जवळची ११ मिलिमीटरवर. तळ मोकळा. नसांभोवती कर्करोगाच्या पेशी नाहीत. त्यामुळे रेडिएशन द्यायचं नाही असं ठरलं, जांघेवर मात्र लक्ष ठेवायचं.

राहिला तो पट्टा. तो काढता येत नाही आणि काढायचाही नसतो, पण तो त्याच मातीचा आहे हे विसरून चालत नाही. जाड झालेल्या भागावर दोन आठवडे मोजून-मापून मलम, मग नुसतं व्हॅसलीन. मेडिकलची ट्यूब बंद. पांढऱ्या ठिपक्यांचा रंग परत येईल असं मी अक्कांना सांगितलं नाही, कारण येत नाही. पट्ट्यात कुठं नवी चीर, टणक जागा, न भरणारा फोड दिसला तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाट पाहायची नाही, हे सुनेला आरसा धरून दाखवलं. पाठीकडची बाजू अक्कांना स्वतःला दिसणार नव्हती.

नाडीचं काय करायचं, यावर जेवढा वेळ गेला तेवढा कर्करोग समजावण्यात गेला नव्हता. मी म्हणालो गाऊन घाला. सून खूश झाली. अक्का माझ्याकडे असं पाहत राहिल्या, जणू मी विड्या ओढायला सांगितल्या. ‘कारखान्यात गाऊन घालून जाऊ व्हय? पानं देणारा हसंल की.’ शेवटी तोडगा सुनेनं काढला. परकराला नाडीऐवजी चार बोटं रुंद पट्टी लावली, सोलापुरी टॉवेलच्या मऊ काठाची, आणि बाजूला हुक. घरात विड्या वळायला बसताना हुक सोडून ठेवायचा. साडीच्या निऱ्या पट्टीत खोचून वर पिन. पहिला महिना साडी सुटते सुटते अशी तक्रार होती, मग थांबली.

तीन महिन्यांनी एकदा येतात. चौथ्या तपासणीला सोबत गल्लीतल्या तिघी होत्या. दोन घरी विड्या वळणाऱ्या, एक चादरीच्या कारखान्यात शिवणाऱ्या. अक्कांनीच आणलेल्या. सिस्टरनं पडदा ओढला आणि अक्का बाहेर बाकावर बसून आत ऐकू जाईल अशा आवाजात तेलुगूत सूचना देत राहिल्या. मला त्यातलं ‘नाडी’ आणि ‘डाक्टर’ एवढंच कळलं. दोघींना घामाचा साधा काळा डाग होता. तिसरीच्या कंबरेला अक्कांसारखाच पट्टा, पांढऱ्या ठिपक्यांसह, जखम नाही. तिचा फोटो काढून ठेवलाय, मोजमापासकट, आणि पर्समधली ट्यूब काढून घेतली.

अक्कांच्या कुशीवरची कातडी आता मऊ आहे. जांघेतली गाठ ९ मिलिमीटरवर आली आहे, पण गेलेली नाही. दर वेळी मोजतो, वहीत लिहितो. पुन्हा वाढली तर सुईवर न थांबता ती पूर्ण काढून पाहायची, हे ठरलेलं आहे. या खेपेला तारीख पौष महिन्यातली पडत होती, तर अक्का म्हणाल्या तेव्हा नको, गड्डा आहे, लेकी येणार आहेत. सिद्धेश्वराची जत्रा उरकल्यावरचा सोमवार दिलाय.